शंभर मीटरच्या आत

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, हे पुण्यातलं शाळकरी पोरही सांगेल. त्याच्या शेजारच्या आमच्या घराची पायाभरणी कधी झाली, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. आजोबा म्हणायचे, त्यांच्या आजोबांनी ते विकत घेतलं तेव्हाही ते जुनंच होतं. वरच्या न्हाणीखालचा कडीपाट ओलीनं कुजला आणि दुरुस्तीच्या परवानगीसाठी अर्ज करायची वेळ आली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो गमतीचा होता: हे घर १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं आहे, याला पुरावा काय?

त्या तारखेच्या अधिसूचनेनं राष्ट्रीय स्मारकांभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित झाले आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित. २०१० मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन हे सगळं आणखी पक्कं झालं. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. पाडून पुन्हा बांधणंही नाही. आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती तेवढी करता येते, तीही परवानगी काढून.

पुरावा आजीनं ठेवला होता. स्वयंपाकघराच्या खुंटीला एक वाकडी तार असायची. घरपट्टीची पावती, विजेचं बिल, दळणाचा हिशेब, जे काही कागद घरात येत ते ती त्या तारेत ओवायची. तार भरली की ट्रंकेत जायची आणि खुंटीला नवी लागायची. आमच्या अर्जाला जोडलेल्या प्रत्येक पावतीच्या मधोमध म्हणूनच एक गंजकं भोक आहे. एका पावतीवर ते नेमकं रकमेवर पडलं होतं. बारनिशीतल्या बाईंनी तो कागद उजेडाकडे धरला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि हसून पोच दिली.

मग मोजणी. आमची आर्किटेक्ट वयानं माझ्या भाचीएवढी. तिच्या हातातल्या यंत्रातून लाल ठिपका निघे आणि भिंतीवर जाऊन बसे. बाबा तिला सांगत होते, हे घर खणांत मोजायचं असतं, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ती म्हणाली, “हो काका, पण तुमचे दोन खण सारखे नाहीत.” खरंच नव्हते. माजघर एका टोकाला वीतभर अरुंद निघालं. काटकोन तर घरात शोधून सापडेना. जन्मभर ज्या जिन्यानं डोळे मिटून चढले-उतरले, त्याच्या पायऱ्यांची उंचीही एकसारखी नाही, हे मला कागदावर आकडे उमटल्यावर कळलं. पायांना ते ठाऊक असणार.

अर्जाला घराचे चारी बाजूंनी फोटो हवे होते. पेठेतल्या घराला चार बाजू कुठल्या? उजवीकडची भिंत सामाईक, डावीकडचीही सामाईक, आणि मागची बाजू शेजारच्या नानांच्या चौकात उघडते. नानांच्या परवानगीनं, त्यांच्या तुळशीवृंदावनाला पाठ लावून, आर्किटेक्टनं तो मागचा फोटो काढला. त्यात आमची खिडकी आहे, नानांचं धोतर आहे आणि एक मांजर आहे. सरकारदरबारी आमच्या घराची मागली बाजू आता अशीच नोंदली गेली आहे.

शंभर मीटर पावलांनी मोजत नाहीत, नकाशावर मोजतात. ती रेघ आमच्या बोळातून जाते. रेघेपलीकडच्या वाड्याच्या जागी, रीतसर परवानगी काढून, लिफ्टची इमारत झाली. अलीकडच्यांनी टेकू लावले. पलीकडचे भाडेकरू मालकीच्या फ्लॅटमध्ये गेले आणि अलीकडचे अजून जुन्या भाड्यात राहतात. त्या भाड्यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत, म्हणून मालक हात लावत नाही, आणि मालक हात लावत नाही म्हणून भाडेकरू भाडं वाढवू देत नाहीत. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या वाड्यांना धोकादायक असल्याच्या नोटिसा येतात. एक कागद सांगतो दुरुस्त करा नाहीतर रिकामं करा, आणि दुसरा सांगतो विचारल्याशिवाय हात लावू नका. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

मला नियम चुकीचा वाटत नाही. तो नसता तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या डोक्यावर आज पार्किंगचे मजले आले असते. पण शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला आणि आतलं सारं लाकूड जळून गेलं. आज उरलेत ते तट, नऊ बुरूज, पाच दरवाजे, वरचा नगारखाना आणि आत जोतीच जोती. पर्यटक त्या जोत्यांवर उभं राहून इथं दिवाणखाना कसा असेल, याची कल्पना करत बसतात. सागवानी खांब, त्यावरची तुळई, तिच्यावरचा कडीपाट, कोनाड्यातली पणतीची काजळी असं लाकडातलं राहणं पाहायचं असेल, तर रस्ता ओलांडून आमच्यासारख्यांच्या घरांत यायला हवं. ज्याचं जोतं उरलं त्याच्यासाठी शंभर मीटर आहेत. ज्यांचं छप्पर अजून जागेवर आहे, ती घरं त्या शंभर मीटरांत उभी राहून वाट बघतात.

वाट बघण्याच्याही मुदती कायद्यात आहेत. सक्षम प्राधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणानं दोन महिन्यांत मत कळवायचं, त्यानंतर महिन्याभरात होकार किंवा नकार. वाळवीला हे कुणी कळवलेलं नसतं.

होकार आला. बाहेरचं रूप तेच, उंची तीच. सुतारमामांनी टेकू लावून कडीपाटाच्या फळ्या उतरवल्या, वरची माती घमेल्यांनी खाली आली आणि तुळई पहिल्यांदाच उघडी झाली. मामांनी पटाशीच्या मुठीनं ती टोकापासून टोकापर्यंत ठोकत नेली. भिंतीत गेलेलं टोक भद्द वाजलं, बाकी सगळी खणखणीत. “पूर्ण बदलायची नाही,” ते म्हणाले. “कुजलं तेवढं कापून जोड देतो.” शेजारच्या तुळईपाशी मात्र ते थबकले. तिच्या अंगावर करवतीच्या पात्याच्या सरळ, एकसारख्या रेघा होत्या. “ही वखारीतली आहे, मशिनवर कापलेली. पेशवाईतली नव्हे.”

बाबांना तेव्हा आठवलं. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. पाणी ओसरल्यावर खालच्या मजल्यावर गुडघाभर गाळ होता आणि मागच्या दोन तुळया खचल्या होत्या. आजोबांनी वखारीतून लाकूड आणलं आणि गल्लीतल्या चार माणसांच्या हातांनी ते चढवलं. अर्ज केला होता का, असं मी विचारलं तर बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

म्हणजे ज्या घराला आम्ही जसंच्या तसं राखायला निघालो होतो, ते जसंच्या तसं कधी नव्हतंच. वाशांत पत्र्याचे तुकडे सापडले, कोबाखाली शहाबादी निघाली, एका कोनाड्यात रंगांचे इतके थर होते की सुरी घातली तर वडीसारखी कापली जावी. ज्याला जे जमलं ते त्यानं लावलं, त्यामुळे घर उभं राहिलं. कागदावर या घराची बाहेरची रेघ आहे. आत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली डागडुजी कुठल्याही नकाशात येत नाही. आर्किटेक्टनं तरी ती वखारीची तुळई नकाशात काढली आणि बाजूला १९६१ असं लिहिलं, ते मला आवडलं.

आमच्या पिढीची भर म्हणजे काकूंचं कमोड. त्यांचे गुडघे आता भारतीय पद्धतीला तयार नाहीत आणि खालचा संडास रात्री गाठायचा तर तो जिना उतरावा लागतो. आतल्या आत, जुन्या न्हाणीच्याच जागेत ते बसत होतं. अडचण पाइपाची होती. रस्त्याच्या बाजूनं नेला तर बाहेरचं रूप बदलतं. मागनं न्यायचा, तर खाली नानांचा चौक.

मी नानांकडे गेले. त्यांनी नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला, आत हाक मारून चष्मा मागवला, मग सरळ धरून पाहिला.

“ने बाई, काकूचे हाल नकोत,” ते म्हणाले. “पण वृंदावनाच्या डोक्यावरून नाही, बाजूनं वळव. आणि लिहून दे मला. स्टॅम्पपेपर नको, साध्या कागदावर चालेल.”