राहिलेलं टिंब

बरेच दिवस हे लिहायचं होतं, पण शनिवार-रविवार कधी सपोर्ट कॉलमध्ये जातात, कधी झोपेत. आज मुहूर्त लागला.

तर प्रश्न असा. माझ्यासारख्या निव्वळ हौसेखातर लोखंड कातणाऱ्या माणसाने सीएनसीचं प्रोग्रामिंग शिकावं, की हाताने चाकं फिरवायचा साधा लेथच धरून बसावं? मी शिकलो मेकॅनिकल, पोटापाण्यासाठी आयटीत. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलंच होतं. जी-कोड म्हणजे शेवटी कोडच ना! बोनसच्या पैशातून टेबलावर मावणारं छोटं सीएनसी घ्यायचं पक्कंही केलं होतं.

गेल्या महिन्यात सलग सुट्ट्या आल्या म्हणून कोल्हापूरला मामाकडे गेलो. शिवाजी उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप. पुढे सेकंडहँड घेतलेला सीएनसी लेथ, मागच्या कोपऱ्यात तीसेक वर्षांचा जुना हाताचा लेथ. म्हटलं, मामा, एक बुश मी करतो, प्रोग्राम माझा. लॅपटॉपवर सिम्युलेशन केलं, एकदम स्वच्छ. मामा म्हणाला, "आधी जॉब न लावता हवेत चालवून बघ. मी चहा सांगून येतो."

तो बाहेर पडला आणि मी जॉब लावून स्टार्ट दाबलं.

कट संपला. टूल बाहेर यायचं, ते सरळ जॉबमध्ये घुसलं. धाडकन! इन्सर्टचे तुकडे, टूलहोल्डर वाकडा, जॉब चकमधून निसटलेला. मी "एक्स ५०" लिहिलं होतं, पाहिजे होतं "एक्स ५०." एवढं टिंब राहिलं. माझ्या सिम्युलेटरने ५० म्हणजे ५० मिलिमीटर धरले. मामाच्या जुन्या कंट्रोलमध्ये टिंब नसेल तर आकडा मायक्रॉनमध्ये धरतात, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. टूल व्यास ५० वर यायच्या ऐवजी जॉबच्या मध्याकडे सुटलं, तेही रॅपिडमध्ये. कंपायलरने निदान वॉर्निंग तरी दिली असती.

मामा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. चहाचा ग्लास हातात देऊन तो एवढंच म्हणाला, "चल मागं."

मागच्या लेथवर पुढचे तीन तास गेले. जॉब आणि टूलच्या मध्ये कागदाची पट्टी धरून टूल टेकवायचं. त्याच्या क्रॉस-स्लाईडच्या डायलवर अर्धा मिलिमीटर आत गेलं की व्यास एक मिलिमीटरने कमी होतो. (सबमिशनला हे लिहून मार्क मिळवले होते, तरी पहिला जॉब बारीक झालाच.) चाक उलटं फिरवलं की थोडा वेळ स्लाईड हलतच नाही, तो स्क्रूचा ढिलेपणा. म्हणून जास्त मागे यायचं आणि पुन्हा एकाच बाजूने पुढे जायचं. कट जास्त झाला की हँडलला थरथर जाणवते, आवाज बदलतो. मामा पाठ करून उभा होता, तरी म्हणाला, "फीड कमी कर." मला आवाजात फरक कळायला दुसरा दिवस उजाडला.

हौशी मिलिंग मशीनला स्टेपर मोटर लावून सीएनसी करणाऱ्यांचं गोल भोक गोल येत नाही, ते बरेचदा याच ढिलेपणामुळे. हाताने चालवणारा नकळत सांभाळून घेतो. प्रोग्रामला ते वेगळं सांगावं लागतं, आणि सांगण्याआधी आपल्याला माहीत असावं लागतं.

सीएनसीला नावं ठेवायची नाहीत. गोळा कातायचा तर दोन्ही चाकं एकाच वेळी नीट फिरवणं मला या जन्मी जमणार नाही, जी-कोडमध्ये एका ओळीचं काम. आणि हजार बुश हवे असतील तर वादच नाही. पण मला हवा असतो एक! तो हाताने होईपर्यंत माझा प्रोग्रामही लिहून होत नाही. शिकीन, नक्की शिकीन, पण कान तयार झाल्यावर.

दुसरं असं, की मामा तो जुना लेथ काढतोय. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितलाय. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे पुण्याला आणणं शक्य नाही. बाबांना फोन केला, गावाकडचा गोठा रिकामाच आहे. तिथे थ्री फेज नाही, सिंगल फेजची मोटर बसवावी लागेल. बोनस त्यातच जाणार. लेव्हल करायला मामा दोन दिवस येतो म्हणालाय. वाकलेल्या टूलहोल्डरचे पैसे मात्र घेईना.