आमसभेला जाताय? मग सॉफ्टवेअरचंही विचारा

मंडळी, आमसभांचा हंगाम सुरू झालाय. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, त्यामुळे सध्या रोज कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचा नाहीतर नागरी बँकेचा अहवाल घरी येऊन पडतो. पत्रकार म्हणून माझ्याकडे जरा जास्तच येतात. लाभांश किती टक्के, थकबाकी किती, सभासदांना भेटवस्तू काय, हे सगळे वाचतात. मी गेली काही वर्षं आणखी एक ओळ शोधतो. नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला, स्टेशनरी आणि चहापाण्याच्या आसपास कुठेतरी ती सापडते : ‘संगणक देखभाल खर्च’. पुढे एक आकडा. संपलं.

आपली ठेव, आपलं कर्ज, सोनेतारण, पिग्मी, सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे त्याबद्दल संस्था आपल्याला एवढंच सांगते. आणि आपणही सभेत उठून कधी विचारत नाही. जेवणाची वेळ झालेली असते.

पूर्वी खतावणी होती. रोखपाल लिहायचा, अकाउंटंट तपासून टिक मारायचा, खाडाखोड झाली तर शेजारी सही असायची. कुणी घोळ केला तर अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. आता ती खतावणी दुसऱ्या शहरातल्या कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि शाखेत नुसता पडदा दिसतो. पडद्यावर जे दिसतं ते खरं, असं आपण धरून चाललोय. काउंटरवर गेलं की एकच उत्तर मिळतं, "सिस्टीममध्ये असंच दाखवतंय."

आमच्या तालुक्यातली एक गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका संस्थेचा नाही.

तिथल्या संचालक मंडळाने सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं. ३१ मार्चला जुनं बंद, १ एप्रिलला नवं सुरू. वर्षअखेरीला बदल केला की हिशेब सुटसुटीत राहील, असा विचार. दोन्ही सॉफ्टवेअर महिनाभर शेजारी शेजारी चालवून रोजचे आकडे जुळवायचे असतात, त्याला ही मंडळी ‘पॅरलल रन’ म्हणतात. तो झाला नाही. दोनदा एन्ट्री मारायला माणसं नाहीत, असं कारण दिलं गेलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका पिग्मी एजंट ताईंना बोलावणं आलं. त्यांच्या खात्यांमध्ये अठरा हजारांच्या वर रक्कम कमी दिसत होती. मॅनेजर म्हणाले, सिस्टीम खोटं बोलत नाही, आठ दिवसांत भरा. या बाई सोळा वर्षं बाजारपेठेत दुकानोदुकान फिरून पैसे गोळा करतात. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हातात एक जुनी डायरी होती. मशीनवर पावती निघत असूनही त्या रोज रात्री डायरीत लिहून ठेवायच्या. "दादा, मशीनचा भरवसा नाही म्हणून नाही, सवय म्हणून लिहिते," असं म्हणाल्या.

डायरी आणि पावत्या लावून बघितल्यावर उलगडा झाला. ३० आणि ३१ मार्चची वसुली त्यांच्या हातातल्या मशीनमध्ये होती. ती शाखेत उतरवली तोवर जुन्या सॉफ्टवेअरमधून शिल्लक उचलून नव्यात टाकून झाली होती. रोख रक्कम तिजोरीत जमा होती, पण खात्यांवर ती ना जुन्यात चढली ना नव्यात. म्हणजे पैसे संस्थेकडेच होते आणि चोर मात्र ताई ठरत होत्या. आणखी दोन एजंटांचं तसंच निघालं. त्यातल्या एकाने तोवर घरातलं सोनं मोडून पैसे भरलेही होते. ते नंतर परत मिळाले. माफी कुणी मागितली नाही.

हा प्रकार मला खूप ओळखीचा वाटला, कारण अगदी असंच, पण प्रचंड प्रमाणावर, ब्रिटनमध्ये घडलंय.

तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली देशभर बसवायला सुरुवात केली. ती बनवली होती फुजित्सू या कंपनीने. तिथली छोटी पोस्ट ऑफिसं आपल्या रेशन दुकानासारखी असतात. ती चालवणारा माणूस पगारी नोकर नसतो, कंत्राटावर असतो, आणि हिशेबात तूट आली तर ती त्यानेच भरायची. होरायझन आल्यावर अनेकांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. लोक फोन करून सांगत होते की पैसे आम्ही घेतले नाहीत, सिस्टीममध्ये काहीतरी बिघाड आहे. त्यांना उत्तर मिळायचं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं. काहींना तुरुंगवास झाला, काहींची घरं विकली गेली, काहींनी आत्महत्या केल्या. तिथल्या कायद्यात असं गृहीतक होतं की, उलट सिद्ध होत नाही तोवर संगणक नीट चालतोय असंच मानायचं. आता खेडेगावातल्या दुकानदाराने ते उलट सिद्ध करायचं कसं? त्याच्याकडे आत बघायची सोयच नव्हती.

शेवटी ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की या प्रणालीत दोष होते आणि त्यामुळे खोटी तूट दिसू शकत होती. आणखी एक गोष्ट बाहेर आली. फुजित्सूची माणसं दुरून शाखेच्या हिशेबात शिरू शकत होती, आणि पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं हे शक्यच नाही म्हणत होतं. मे २०२४ मध्ये तिथल्या संसदेला खास कायदा करून शेकडो लोकांच्या शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

सॉफ्टवेअरमध्ये चुका असतातच. जगातल्या भल्याभल्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही त्या असतात. होरायझनमध्ये खरा अनर्थ झाला तो चूक कबूल करायची वाट वरच्यांनी बंद करून टाकल्यामुळे. मग ओझं घरंगळत सगळ्यात खालच्या माणसावर आलं. आपल्याकडे तो माणूस म्हणजे क्लार्क, पिग्मी एजंट, रेशन दुकानदार, नाहीतर खातेदार.

आता कुणी म्हणेल, हे झालं हिशेबातल्या चुकांचं, पण पैसा तर सुरक्षित आहे ना? त्यासाठी लांब जायला नको, आपलं पुणं आहे. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. कॉसमॉस बँकेच्या एटीएम कार्डांचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले होते. खऱ्या यंत्रणेऐवजी त्यांची बनावट यंत्रणा उत्तर देत होती आणि समोर येईल त्या व्यवहाराला ‘मंजूर’ म्हणत होती. सुमारे दोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, देशातही निघाले, अगदी कोल्हापुरातूनही. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, पण ही मंडळी बहुतांशी एटीएमवर जाऊन पैसे काढणारी होती.

कॉसमॉस मोठी बँक, धक्का पचवू शकली. आपली तालुक्याची संस्था पचवेल?

दुसरं उदाहरण ३१ जुलै २०२४ चं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, म्हणजे माहितीला कुलूप लावून खंडणी मागायचा प्रकार. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडलं. त्यामुळे सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम अडकलं. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. पण त्या एका दिवशी कितीतरी बँकांच्या लोकांना पहिल्यांदा कळलं असेल की आपली आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या बँकेची नाडी एकाच ठिकाणी आहे.

मी एकदा अशा कंपनीत काम करणाऱ्या, आपल्याच भागातल्या एका तरुणाशी सविस्तर बोललो. तो म्हणाला, "सर, टेंडर सगळ्यात स्वस्त बोलीला जातं. मग कंपनी पहिले कापते ते टेस्टिंगचे दिवस. आणि संस्था आम्हाला विचारते एकच, चालू कधी होणार?" याला नुसतं कंपनीला दोष देऊन चालणार नाही. आपले संचालक शिक्षक असतात, व्यापारी असतात, बागायतदार असतात. त्यांना कोडिंग यावं असं कुणीच म्हणत नाही. पण गवंडीकाम येत नसलं तरी घर बांधताना आपण वाळू चाळली का, पाणी मारलं का हे विचारतोच ना? तेवढंच इथे करायचंय.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये निर्देश काढले, मोठ्या नागरी बँकांनाही ते लागू केले. आयटीचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी जबाबदारी बँकेची आणि तिच्या संचालक मंडळाचीच राहते, असं त्यात स्पष्ट केलं होतं. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या सहकार खात्याकडे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणजे जिथे संरक्षण सगळ्यात कमी, तिथे आपण सभासदांनीच जास्त जागं राहायला हवं.

म्हणून सभेला जाल तेव्हा हे प्रश्न घेऊन जा. मोबाईलवर जपून ठेवा नाहीतर कागदावर लिहून घ्या :

१) बॅकअप रोज घेतला जातो का आणि तो दुसऱ्या ठिकाणी ठेवला जातो का? त्या बॅकअपवरून सगळा डेटा परत उभा करून शेवटचं कधी बघितलं? नुसतं "बॅकअप आहे" हे उत्तर घेऊ नका. गोडाऊनमधलं पोतं उघडून बघितल्याशिवाय आत गहू आहे की भुसा ते कळत नाही.

२) उद्या कंपनी बंद पडली किंवा भांडण झालं तर डेटा कुणाचा? किती दिवसांत आणि कुठल्या स्वरूपात मिळणार? करारात हे कलम आहे का?

३) सॉफ्टवेअरमध्ये बदल होतो तेव्हा तो आधी एका शाखेत वापरून बघतात का? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट एकदम सगळीकडे सोडलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली होती.

४) कंपनीची माणसं दुरून आपल्या सिस्टीममध्ये शिरतात का? कोण कधी शिरलं, काय बदललं याची नोंद राहते का, आणि ती संस्थेतला कोण बघतो?

५) शाखेत प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे का? एन्ट्री मारणारा आणि मंजूर करणारा वेगळा आहे का, की साहेबांचा पासवर्ड मॉनिटरवर चिठ्ठी लावून चिकटवलाय?

६) हिशेबात फरक आला तर आधी कर्मचाऱ्याकडून, एजंटाकडून पैसे भरून घेतात की आधी सिस्टीम तपासतात? तपासतं कोण? ज्याने सॉफ्टवेअर बनवलं तोच?

या प्रश्नांनी चेअरमन साहेब चिडतील, असं काही जण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. दोन वर्षांपूर्वी एका सभेत तीन सभासदांनी पहिला प्रश्न विचारला. मॅनेजर गडबडले, चेअरमन साहेबांनी कंपनीच्या माणसाला महिन्याभरात बोलवायचं कबूल केलं आणि खरंच बोलावलं. बॅकअप उघडून बघितला तर चार महिन्यांपासून रिकामी फाईल तयार होत होती. वेळेवर कळलं, एवढंच.

तेव्हा यंदा अहवाल आला की फोटो बघून बाजूला ठेवू नका. ‘संगणक देखभाल खर्च’ ही ओळ शोधा, तिच्याखाली पेनाने रेघ मारा आणि सभेत हात वर करा. प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. पुढच्या वर्षी त्याच पानावरून पुढे विचारता येईल.