मूळचं कुठलं?

झाडांच्या नादाला लागलेली माणसं एकमेकांना कुठूनही हुडकून काढतात. आमचाही असा पाच-सहा जणांचा गट आहे. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर, पनवेलजवळ रोपवाटिका चालवणारा एक तरुण, दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई, एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर आणि मी. जात, धर्म, वय, पगार यांपैकी आमच्यात काहीच जुळत नाही. जुळतं ते एवढंच, की रस्त्यात अनोळखी झाड दिसलं की प्रत्येकाचं बोलणं अर्ध्यावर तुटतं. वर्षातून दोनदा आम्ही कुणाच्या तरी बागेवर धाड घालतो. २०२५ च्या जानेवारीत ही धाड माझ्या मित्राच्या वाडीवर पडली.

हा मित्र माझा शाळासोबती. श्रीवर्धन तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावातला. मॅट्रिक झाला आणि बोटीवर गेला. आम्हा कोकणी मुसलमानांत यात नवल काही नाही. पूर्वी घरटी एक माणूस पाण्यावर असायचा, पुढं तो आखातात गेला. पण बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी बाजाराची वाट धरत, आणि हा त्या गावातली बाग विचारत फिरे. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात १८७९ पासून जोपासलेली पामची एक आख्खी दरी आहे. मॉरिशसला पाम्प्लमूसची जुनी बाग आहे. तिथून त्याची पत्रं यायची. पत्रात घरच्यांची खुशाली चार ओळींत आणि झाडांचं वर्णन दोन पानं. पामच्या कुळात अडीच हजारांवर जाती आहेत, हे मला प्रथम त्याच्या पत्रातून कळलं. आपला वेतसुद्धा त्याच कुळातला, हेही.

निवृत्त होऊन तो वाडवडिलांच्या आगरात परतला. बावीस गुंठ्यांत दोनशे साठ पोफळी आणि एकतीस माड. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग वादळ आलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा. संध्याकाळी त्यानं मोजलं, तेव्हा सतरा पोफळी आणि आठ माड उभे होते. सावली गेल्यामुळं त्या सतरांतल्याही काही पोफळी पुढच्या उन्हाळ्यात खोडं करपून गेल्या. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरोघरी हेच झालं होतं. भरपाई हेक्टराच्या हिशोबानं जाहीर झाली, आणि आमच्याकडच्या वाड्या तर गुंठ्यांत मोजायच्या.

त्या पावसाळ्यात सगळ्या गावानं पुन्हा पोफळी लावल्या. ह्यानं अर्ध्या वाडीत श्रीवर्धनी रोठ्याची रोपं लावली, आणि उरलेल्या अर्ध्या वाडीसाठी आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रक भरून देशोदेशीचे पाम आणले. चाचांचं डोकं वाऱ्यानं फिरलं, असं पोरं म्हणू लागली. मी त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "अरे, पोफळ लागायला पाच-सहा वर्षं. तोवर सकाळी उठून बघायला काहीतरी नको?"

बेड्याचं दार लोटून आत शिरलो, तेव्हा सगळ्यांच्या आधी नजरेत भरल्या त्या पत्र्याच्या पट्ट्या. तेलाचे डबे कापून त्यानं प्रत्येक झाडाला एक पट्टी बांधली आहे. त्यावर खिळ्यानं कोरलेल्या तीन ओळी: नाव, मूळ, इथं कधी.

नर्सरीवाला पोरगा पहिल्याच झाडापाशी हसू लागला. बुटकं, बुंध्याशी बाटलीसारखं फुगलेलं झाड. "चाचा, हा खरा बॉटल पाम! आमच्याकडं गिऱ्हाईक रॉयल पामलाच बॉटल पाम म्हणतं, आणि आम्हीही तेच म्हणून विकतो." हा खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावरचा. बेटावर कुणीतरी शेळ्या आणि ससे सोडले, त्यांनी सगळी रोपं फस्त केली, आणि निसर्गात ही झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली. बागांतून मात्र जगभर पसरली. पुढं फॉक्सटेल पाम, कोल्ह्याच्या शेपटीसारखा झुपकेदार. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडचा हा पाम १९८३ पर्यंत शास्त्रज्ञांच्या वहीत नव्हता. तिथल्या आदिवासींना तो ठाऊक होता, म्हणून त्यांच्यातल्या वोडयेटी नावाच्या जाणत्या माणसाचं नाव झाडाला दिलं. आज आपल्याकडं लग्नाच्या हॉलसमोर तो ओळीनं उभा दिसतो.

लाखेच्या रंगाचा तांबडाभडक देठ असलेला मलायाचा पाम पाहून डॉक्टरबाई खालीच बसल्या. हे दलदलीतलं झाड. मित्रानं त्याची कुंडी पाटाच्या पाण्यात ठेवली आहे. पलीकडं मादागास्करचा बिस्मार्किया, चांदीच्या ताटासारख्या निळसर पानांचा. "जर्मनीच्या चॅन्सेलरचं नाव दिलंय," सर म्हणाले, "पण त्यानं हे झाड कधी बघितलं नसावं." ट्रॅव्हलर्स पामपाशी मात्र सरांनी सगळ्यांना थांबवलं. "हा पाम नाहीच. केळीच्या जवळच्या नात्यातला. नावावर जाऊ नका."

वादळातून वाचलेल्या एका वाकड्या माडाला हात लावून सर बोलू लागले, तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांसारखे उभे राहिलो. आंबा, फणस दरवर्षी जाड होतात, जखम झाली तर साल वाढून ती बुजते. माडाच्या खोडाला ती सोय नाही. ते आधी जमिनीलगत आपली जाडी पुरी करतं आणि मग फक्त वर जातं. माडावर चढायला पाडेल्यानं घातलेली खाच जन्मभर तशीच राहते. वाढणारा कोंब एकच, शेंड्याच्या गाभ्यात. गेंड्या भुंग्यानं पानं कातरली तरी झाड जगेल, पण कोंब मेला की संपलं. फांदी फुटून सावरायची सवलत नाही. म्हणून त्याचा सगळा भरवसा खोडातल्या दोरखंडासारख्या तंतूंवर. वारा आला की वाकायचं आणि मुळं धरून ठेवायची. "आणि ज्यांना वाकता आलं नाही ती?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मित्रानं वाडीच्या कडेला रचलेल्या ओंडक्यांकडं बोट दाखवलं.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग कंट्रोलरसाहेब म्हणाले, "सगळं छान आहे हो, पण मादागास्कर, मलाया कशाला? आपला सुरमाड तोडला जातोय आणि आपण परक्यांना पाणी घालतोय. हे बाहेरून आलेलं सगळं काढून टाकलं पाहिजे."

ते झाडांबद्दलच बोलत होते. माणूस सरळ आहे. माझ्या आजारपणात रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस आहे. पण काही वाक्यं आपल्या कानांवर वेगळ्या वाटेनं येतात. 'मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी किती वेळा ऐकला असेल. माझी कितवी पिढी याच मातीत पुरली गेली हे मलाही सांगता येणार नाही, तरी तो प्रश्न आला की क्षणभर खिसे चाचपल्यासारखं होतं. मी मित्राकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो शांतपणे कंट्रोलरसाहेबांना पोफळीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, ही पट्टी वाचा."

पट्टीवर कोरलं होतं: 'पोफळ. मूळ: मलाया-फिलिपिन्सची बाजू. इथं कधी: आजोबांच्या आजोबांच्याही आधी.'

"सुपारी? सुपारी बाहेरची?" कंट्रोलरसाहेब चष्मा पुसू लागले. "अहो, सुपारीशिवाय आमची पूजा होत नाही."

"आणि आमचा लग्नातला विडा होत नाही," मित्र म्हणाला.

सरांनी दुजोरा दिला. पोफळ आग्नेय आशियातून आली असं मानतात. माडाचं तर आणखी गमतीचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात माडाची दोन मूळ घराणी दिसली, एक पॅसिफिककडचं आणि दुसरं आपल्या दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीवकडचं. म्हणजे माड निम्मा घरचा. नारिकेल हा आपला शब्द अरब-इराणी खलाशांबरोबर नारजील झाला, आणि करवंटीच्या हुक्क्यालाच तिकडं नारगिले म्हणू लागले. माल आणि शब्द एकाच गलबतातून गेले. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींचा, म्हणजे मूळच्या हबशांचा. आणि पेशव्यांचं मूळ गावही श्रीवर्धनच. या किनाऱ्यावर वंशावळी तपासायला बसलं तर संध्याकाळ व्हायची.

पण सरांनी कंट्रोलरसाहेबांची बाजूही सोडली नाही, आणि ते मला आवडलं. "त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. घाणेरी बाहेरून आली आणि तिनं डोंगर व्यापले, खालचं गवत मारलं. तेव्हा कुठून आलं हे न विचारता, आल्यावर शेजाऱ्यांचं काय केलं, हे विचारावं. हा लाखी पाम पाटाच्या पाण्याशिवाय एक उन्हाळा काढणार नाही. तो कुणाला हाकलणार?"

सुरमाडही वाडीत होता. पार मागच्या कोपऱ्यात, कुणी न लावलेला. उदमांजरं त्याची फळं खातात आणि बी कुठंही टाकतात, तसाच आलेला. पट्टीवर 'मूळ: इथलाच'. त्याचा फुलोरा वरून सुरू होऊन खाली खाली उतरत येतो, आणि सगळ्यांत खालचा घोस पिकला की झाड मरतं. या झाडाचा फुलोरा निम्म्यावर उतरला होता. खोडाचे वासे होतील, पाटाला पन्हळ होईल, म्हणून गावातले दोघे-तिघे मागायला येऊन गेले. मित्रानं अजून दिलेला नाही. कंट्रोलरसाहेब त्याच्या बुंध्याशी बराच वेळ उभे राहिले.

घराच्या पडवीसमोर एक खजूर आहे. त्याच्या अम्मी १९९४ साली हजहून आल्या, तेव्हा खाल्लेल्या खजुराच्या बिया त्यांनी परसात पुरल्या होत्या. दोन झाडं झाली. खजुरात नर-मादी वेगळी. वादळात पडलं ते नराचं झाड, उरली ती मादी. तसंही इथं फळ कधी पिकलं नाही. ऐन तयारीच्या वेळी जूनचा पाऊस कोसळतो आणि घोस सडून गळतात. कच्छमध्ये म्हणूनच पाऊस धरायच्या आत खारीक कच्ची उतरवतात. मी म्हटलं, "मग ठेवलंय कशाला?" तो म्हणाला, "अम्मीनं लावलंय." कयामत आली आणि हातात रोप असेल तर ते लावून टाकावं, ही हदीस आपण बयानात लहानपणापासून ऐकतो. त्या हदीसेतलं रोप खजुरीचंच आहे.

पडवीत कोनाड्यात एक काळीभोर, होडीच्या आकाराची कवटी होती. डॉक्टरबाईंनी ती उचलली. फकिराचं कश्कूल. दर्याई नारळाच्या अर्ध्या कवटीचं. मालदीवच्या किनाऱ्याला वाहून येणारे हे नारळ कुठल्या झाडाचे, हे शतकानुशतकं कुणाला ठाऊक नव्हतं. समुद्राच्या तळाशी झाड आहे, असंच लोक समजत. १७६८ मध्ये सेशेल्सच्या प्रालिन बेटावर ती झाडं सापडली. जगातलं सगळ्यांत मोठं बी या झाडाचं. युनानी हकीम त्याला नारजील दरियाई म्हणतात. मित्राची बोट एकदा कलकत्त्याला दुरुस्तीला होती, तेव्हा शिवपूरच्या बागेत १८९४ साली लावलेलं झाड तो पाहून आला होता. "माझ्या वाडीत हे एवढं नाही," तो म्हणाला, आणि कवटी पुसून परत कोनाड्यात ठेवली.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, नारळाच्या दुधातलं कोलंबीचं कालवण, आणि सरांसाठी वालाचं बिरडं. वाढायला त्याची मोठी बहीण होती. तो बोटीवर असताना हे आगर आपांनी सांभाळलं, सुपारीच्या पैशावर त्याची मुलं शिकवली. आपा म्हणाल्या, "तुम्ही शिकलेली माणसं आहात, म्हणून विचारते. माडाची झाप होते, खराटा होतो, सोडण चुलीत जाते, करवंटीची डवली होते. या नव्या झाडांतलं खायचं काय, ते याला सांगा."

कुणीच बोललं नाही. मित्र खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. आपांचा प्रश्न खोटा नव्हता. वाडीच्या दोन्ही बाजूंना रिसॉर्टं उभी राहिली आहेत. दलाल महिन्याआड येऊन जातो. मुलगे दोघेही कुवेतला, आणि कुणाचीच परत यायची भाषा नाही. सुपारीचं उत्पन्न असलं तर 'ठेवू या' म्हणता येतं. लाखी पामच्या देठाचा रंग दाखवून वारसांना काय सांगायचं?

निघताना त्यानं शेवटचं झाड दाखवलं. कमरेएवढं, पंख्यासारख्या तीन पानांचं. तालीमाड. याची पूर्ण वाढलेली पानं छत्रीसारखी डोक्यावर धरतात, जुन्या पोथ्याही यावर लिहिल्या. तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतो, झाडांतला सगळ्यांत मोठा फुलोरा काढतो, आणि मरतो. माझा मित्र एकाहत्तर वर्षांचा आहे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुवेतहून नातू, व्हिडिओ कॉलवर. दर शुक्रवारी येतो म्हणे. सलाम झाला, आणि पोरानं पहिलाच प्रश्न केला, "दादा, माझं झाड केवढं झालं?" मित्र फोन लांब धरून तालीमाडाशेजारी उभा राहिला आणि पानाच्या टोकापाशी हात ठेवून दाखवू लागला. आपा उंबऱ्यातून पाहत होत्या. त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. झाडाच्या आळ्यात पाणी ओतलं आणि फोनकडं बघून म्हणाल्या, "तू ये लवकर. मी किती दिवस घालू?"