अडलेली ओळ

१९८२च्या जूनमध्ये मी दहावीला गणितात नापास झाले. ऑक्टोबरला पुन्हा बसले, पुन्हा तेच. बाबा पनवेलच्या एका भातगिरणीत तोलाईचं काम करायचे. ते काही बोलले नाहीत. आईनं मात्र मावशीला पत्र टाकून स्थळांची चौकशी सुरू केली. वडाळे तळ्याजवळ शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहत. एका संध्याकाळी, घरात न सांगता, मी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी मला एकही उदाहरण घातलं नाही. कोरी वही पुढे सरकवली. "दिवसभर स्वतःला जे विचारतेस ते लिही." मी लिहिलं, 'मला गणित का येत नाही?' गुरुजींनी त्यावर लाल शाईनं रेघ मारली. "बाळ, ह्याचं उत्तर कोण देणार? विचारणारी तू, रडणारीही तूच. कुठल्या ओळीला अडलीस ते लिही."

आठ दिवस मी नुसत्या ओळी उतरवत होते. नवव्या दिवशी सापडलं. कंसाबाहेर वजा चिन्ह असलं की कंस सोडवताना मी पहिल्याच पदाचं चिन्ह बदलायची, दुसऱ्याचं तसंच ठेवायची. कितीतरी वर्षं. पुढचं सगळं त्या एका चुकीवर उभं होतं, आणि मी मात्र स्वतःला ढ ठरवून मोकळी झाले होते.

फेब्रुवारी १९८३मध्ये गुरुजी मला एसटीनं शिरढोणला घेऊन गेले. वासुदेव बळवंत फडक्यांना जाऊन शंभर वर्षं होत होती. त्यांच्या जन्मघरासमोर उभं राहून गुरुजी सांगत होते. ४ नोव्हेंबर १८४५चा जन्म. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. इथे शिरढोणला आई आजारी पडली, वेळेवर रजा मिळाली नाही, पोचले तेव्हा ती गेलेली होती. वर्षश्राद्धालाही रजा नाही. दुसरा कुणी कारकून साहेबाची मर्जी कशी राखावी, हेच स्वतःला विचारत बसला असता. "ह्या माणसानं विचारलं, आईला भेटायला मला ज्याची परवानगी लागते, तो इथला कोण?" गुरुजींचा आवाज कापरा झाला होता. मग १८७६-७७चा दुष्काळ आला. उपाशी गावं पाहिल्यावर तो प्रश्न एका आईपुरता राहिला नाही. १८७९मध्ये रामोशांना बरोबर घेऊन त्यांनी बंड केलं.

ते बंड मोडलं. मला सगळ्यात धरून ठेवतं ते त्यानंतरचं. खचून ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले, तिथे देह ठेवायचा म्हणून. तिथेच त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. आणि पुन्हा माणसं जमवायला निघाले. जुलै १८७९मध्ये देवर नावडगीला पकडले गेले. खटल्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूनं उभे राहिले. जन्मठेप होऊन एडनला रवानगी झाली. तिथल्या तुरुंगातूनही ते निसटले, परत धरले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ला वारले.

"पण गुरुजी, ते हरलेच ना?" मी विचारलं.

"कुठल्या परीक्षेत?" ते म्हणाले, आणि परतीच्या एसटीत पनवेल येईपर्यंत गप्प राहिले.

त्या प्रश्नानं मला पुढं नेलं. तोवर 'पास होईन का?' एवढंच मला ठाऊक होतं. पास झाल्यावर मी काय करणार, हे मला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. मार्चमध्ये बावन्न गुण मिळाले. स्थळं थांबली. मी गणित घेऊनच पदवी केली आणि एकतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. नापासांचे पेपर मी नेहमी आधी तपासायची, आणि चूक जिथे सुरू होते त्या ओळीपाशी खूण करायची.

गुरुजींनी माझ्याकडून फी घेतली नाही. बाबांनी एकदा अर्धा मण तांदूळ नेऊन दिला, तोही त्यांनी पोरीच्या पुस्तकांना लागेल म्हणून परत धाडला. पदवीचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. दोन महिन्यांपूर्वीच ते गेल्याचं शेजारच्या काकूंनी सांगितलं. पेढे मी तळ्याच्या पायरीवर ठेवून आले.

लाल रेघेची ती वही माझ्याजवळ आहे. संध्याकाळी सहा मुली माझ्याकडे गणिताला येतात. त्यांची फी मी घेत नाही.