पेठांचा फुटबॉल

वेण्णाकांठचा मेढा हा जावळी तालुक्याचा मुख्य गांव. तेथून साताऱ्यास येऊन आम्हीं कोल्हापूर गांठलें तें अंबाबाईच्या दर्शनासाठीं. पण दर्शन आटोपतांच पाय वळले शाहू स्टेडियमकडे. येथील फुटबॉलचे संघ बहुतेक तालमींचे: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. जेथें कुस्तीची लाल माती, तेथेंच चेंडूचें वेड. संघ हरला कीं सारी पेठ सुतकांत!

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. केनियांत अबालुह्या समाजानें १९६४ सालीं व लुओ समाजानें १९६८ सालीं आपापले संघ उभारले. लुओंच्या ‘गोर माहिया’नें १९८७ सालीं आफ्रिकेंतील चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकली, केनियाच्या कोणत्याही संघास तोंवर असें यश लाभलें नव्हतें. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फे खेळला.

पेठेचा अभिमान नसता, तर हे संघ जगलेच नसते. परंतु त्याच अभिमानापायीं प्रेक्षकांत हाणामारी होऊन सामने बंद पडल्याचेंही घडलें आहे, आणि आतां तालमी बाहेरचे खेळाडू आणूं लागल्या आहेत. मग गल्लींतील पोरानें खेळावें कोठें? हा प्रश्न आम्हांस हाणामारीहूनही बिकट वाटतो.

हंगाम हिवाळ्यांत सुरू होतो. जाणारांनीं पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस क्लब हा सामना साधावा, व जागा मात्र आधीं धरावी.