भाऊकाकांच्या वह्या

आमच्या घरात भाऊकाकांच्या आठवणी कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. पनवेलच्या लाईन आळीतल्या घरात आम्ही चुलत-आते भावंडं एकत्र वाढलो आणि अजूनही एकत्र जमलो की त्यांचा विषय निघतोच. थोरला दादा त्यांच्या फौजेतल्या दिवसांबद्दल बोलतो, ताई कारखान्याबद्दल, आणि आम्हा धाकट्यांच्या वाट्याला कर्नाळा आलेला. ऐकणाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतील. मला मात्र त्यांचं काम आयुष्यभर एकच होतं असं वाटतं.

फौजेत ते सिग्नल्समध्ये होते. प्रशिक्षण जबलपूरला, आणि १९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर. लढाईची गोष्ट सांगा म्हणून आम्ही मागे लागायचो, तेव्हा ते तारांच्या गोष्टी सांगत. रणगाडा वरून गेला की टेलिफोनची तार तुटते. मग रात्री दिवा न लावता ती हाताने चाचपत जायचं, तुटलेलं टोक शोधायचं, जोडायचं आणि पलीकडून आवाज येतो का ते ऐकायचं. निरोपात आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. आजीने माजघरातून काकूला काही सांगायला पाठवलं, तर आजीचेच शब्द ते स्वयंपाकघरात पोचवत, राग असेल तर रागासकट.

सैन्यातून आल्यावर ते पाताळगंगेकाठच्या एका रसायन कारखान्यात लागले. आधी सुरक्षा विभागात, मग जनसंपर्क अधिकारी म्हणून. गृहपत्रिका काढायची, पाहुण्यांना कारखाना दाखवायचा, गावच्या जत्रेची वर्गणी पोचवायची, असं ते काम. त्याला खरं वजन आलं ते १९८४च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडल्यानंतर. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कारखान्यांना कामगारांबरोबरच आसपासच्या लोकांनाही धोक्यांची माहिती देणं बंधनकारक झालं. बहुतेक ठिकाणी त्याचा एक छापील कागद झाला असेल. भाऊकाका तो कागद घेऊन वाडी-वस्तीवर गेले. देवळाच्या ओट्यावर बसून, आगरी बोलीत, बायकांना सांगत: भोंगा झाला की नाकातोंडावर ओला फडका धरा, मूठभर माती उडवून वारा कुठून येतो ते बघा, आणि वाऱ्याबरोबर पळू नका, त्याला आडवं निघा. ताई तेव्हा कॉलेजात होती, एकदा त्यांच्याबरोबर गेली होती. एका म्हातारीने त्यांच्याकडून सगळं पुन्हा सांगून घेतलं आणि मग आपल्या नातवाकडून वदवून घेतलं, हे तिला आजही जसंच्या तसं आठवतं.

पुढे एका उन्हाळ्यात नदीत मासे मरून वर आले. कंपनीला खुलाशात उन्हाचं कारण हवं होतं. काकांनी पाहिलं तेवढंच लिहून दिलं: कुठे, किती वाजता, पाण्याचा रंग कसा. त्यांची बढती राहिली. घरात त्यावर चर्चा झाली नाही. आजीने त्या दिवशी त्यांच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं.

रविवारी ते आम्हाला एसटीने कर्नाळ्याला नेत. १९६८ पासून अभयारण्य असलेला तो डोंगर, वरचा अंगठ्यासारखा सुळका, आणि पायथ्याशीच गोव्याचा रस्ता. सलीम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक पिशवीत असायचं, कव्हर निघालेलं. पहिला पाऊस पडला की आम्ही तिबोटी खंड्याच्या मागावर जायचो. चिमणीएवढा जीव, नारिंगी, निळा, जांभळा. ओढ्याच्या मातीच्या कडेत बोगदा खणून घरटं करतो. तिथे काका आम्हाला दूर दगडावर बसवत. कुणी पुढे सरकलं तर सगळे परत, ही शिस्त कडक होती. आज तो रायगडचा जिल्हा पक्षी आहे. तेव्हा पनवेलमध्ये त्याचं नाव माहीत असलेली माणसं फारशी भेटत नसत.

घरी आल्यावर वही निघायची. पहिली शीळ कधी ऐकली, पाऊस किती झाला. आणि वहीच्या शेवटून उलटी सुरू केलेली दुसरी यादी: महामार्गावर चिरडलेले साप, बेडूक, एकदा उदमांजर. तारीख, वेळ, जागा. हळहळीचा एकही शब्द नाही. ती यादी ते वर्तमानपत्रांना पाठवत. कधी छापून येई, कधी नाही. पाठवणं त्यांनी थांबवलं नाही.

ते गेल्यावर नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटनही झालं. काकांच्या वह्यांचं काय करायचं यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. दादाला त्या घरातच हव्या आहेत, मला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला द्याव्यात असं वाटतं. ताईने वाट न पाहता त्या संगणकावर उतरवायला घेतल्या आहेत. रस्त्यावरची यादी तिने आधी घेतली. ओढा रस्त्याखालून जातो तिथल्या नोंदी सर्वांत जास्त आहेत, आणि तेवढी पानं तरी या पावसाळ्याआधी वनखात्याकडे पोचवायची आहेत, असं ती म्हणते.