रुग्णवाहिकेच्या मागे

प्रथम माझा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून एका लग्नाच्या ख्रिस्तयागासाठी मी वसईकडे येत होतो. उशीर झाला होता. इतक्यात सायरन वाजवीत एक रुग्णवाहिका पुढे गेली. वाहने दोन्ही बाजूंना सरकली आणि मधे वाट मोकळी झाली. त्या वाटेत मी माझी मोटार घातली. लग्न वेळेवर लागले. परमेश्वरानेच वाट काढून दिली, असे मी हसत हसत सांगितलेही!

गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींना रुग्णाभ्यंग दिला. त्यांना तातडीने मुंबईस हलवायचे ठरले. मुलगा परदेशी, म्हणून सुनेसोबत मीही रुग्णवाहिकेत बसलो. पुढच्या वाहनाने एकाएकी ब्रेक लावला की आमच्या चालकालाही तो लावावा लागे. मग मावशींना सावरावे की हेलकावणारी सलाईनची बाटली धरावी, हे सुनेला कळेना. परिचारक शीर शोधत होता. तीनदा त्याला सुई मागे घ्यावी लागली. मी मागच्या काचेतून पाहिले. पाच-सहा मोटारसायकली आणि एक मोटार आमच्या पाठीला चिकटून धावत होत्या. त्या मोटारीत मला मीच बसलेला दिसलो.

मावशी वेळेत पोहोचल्या, पुढे चार महिने जगल्या. परतीच्या वाटेवर चालकाला मी विचारले, "लोक वाट देत नाहीत का रे?"

"देतात, फादर. पण घाबरतात. सायरन ऐकला की आहेत तिथेच थांबतात. आरशात बघून, इंडिकेटर दाखवून सावकाश डावीकडे व्हावं, इतकंच. वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी मात्र थांबू नये, थोडं पुढे जाऊन बाजू द्यावी. आणि आम्ही गेलो की लगेच मधे येऊ नये. मागून दुसरी गाडी येत असते."

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. रुग्णवाहिकेला किंवा आगीच्या बंबाला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण महामार्गाचे सोडा. आपल्या देवळाकडे येणारा रस्ता पाहा. सणाच्या मिस्साला दोन्ही कडांना मोटारी लागतात, त्यांतून बंब कसा जाणार? एक बाजू मोकळी ठेवा, असे मी वेदीवरून सांगितले. ते दोन रविवार पाळले गेले. (तिसऱ्या रविवारी पाहुण्या धर्मगुरूंचीच गाडी तिथे उभी होती!)

परवा पुन्हा सायरन ऐकू आला. मी मोटार डावीकडे घेऊन थांबलो. रुग्णवाहिका गेली आणि तिच्या मागोमाग भरधाव एक मोटार. आतल्या गृहस्थांनी मला ओळखले आणि आदराने हात हलवला.